औषध येईपर्यंत

नव्वदच्या दशकात बीड, पाटोदा, गेवराईकडच्या गावांत एड्सचं नाव पोचलं, तेव्हा त्याच्याबरोबर एक मुदतही पोचली: सहा महिने, फार तर वर्ष. ही मुदत कुणा तज्ज्ञानं ठरवून दिलेली नव्हती. लोकांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. ट्रकवर असलेला, पुण्या-मुंबईला कामाला गेलेला, नाहीतर गावातच पानटपरी चालवणारा तिशी-पस्तिशीतला माणूस वाळत जायचा. जुलाब थांबायचे नाहीत, तोंड आतून पांढरं व्हायचं, खोकला सुटायचा नाही. दवाखाने पालटून पालटून घरातलं किडूकमिडूक संपायचं. शेवटी कुणीतरी रक्त तपासायला सांगायचं आणि रिपोर्ट हाती आल्यावर दोन-चार महिन्यांत घरातून तिरडी निघायची. गावानं रिपोर्ट पाहिला, मरण पाहिलं आणि मधलं अंतर मोजलं. ‘त्या रोगात माणूस सहा महिने काढतो,’ असं पारावर ठरून गेलं.

गावाचा हिशेब खोटा नव्हता. फक्त तो फार उशिरा सुरू होत होता. रिपोर्ट आला त्या दिवशी आजार सुरू झालेला नसे. तो कितीतरी वर्षं अंगात असे आणि शेवटच्या टप्प्यावर येऊन ठेपलेला असे. साथीच्या पहिल्या काळात एड्सचे रुग्ण किती जगले, या प्रश्नाचं उत्तर शोधताना हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. कारण बीडसारख्या जिल्ह्यात विषाणूनं माणसं मारली, तशीच या सहा महिन्यांच्या समजुतीनंही मारली.

एचआयव्ही हा विषाणू शरीरात शिरला की आपल्या रक्तातल्या सीडीफोर नावाच्या पेशींत घर करतो. या पेशी शरीराच्या संरक्षणाची सूत्रं हलवतात. कुठला जंतू आला, कुणी लढायचं, हे त्यांच्या इशाऱ्यावर चालतं. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. विषाणू त्या मारत राहतो, शरीर नव्या तयार करत राहतं. ही झटापट बाहेरून दिसत नाही. माणूस शेतात राबतो, लग्न करतो, त्याला मुलं होतात. १९९५ मध्ये संशोधक डेव्हिड हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की शांत वाटणाऱ्या या वर्षांतही शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होत असतात. पेशींची संख्या वर्षागणिक उतरत जाते आणि २००च्या खाली आली, की एरवी आपल्याला काहीही न करणारे जंतू जिवावर उठतात. या अवस्थेला एड्स म्हणायचं.

लागण झाल्यापासून इथपर्यंत यायला किती वर्षं लागतात? युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या हजारो रुग्णांची, प्रभावी औषधं येण्याआधीच्या काळातली माहिती एकत्र करून २००० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांच्या लागणीची वेळ बऱ्यापैकी ठाऊक होती. १५ ते २४ या वयात लागण झालेल्यांपैकी निम्मी माणसं साडेबारा वर्षांनंतरही जिवंत होती. ४५ ते ५४ या वयात लागण झालेल्यांत हीच मुदत आठ वर्षांच्या जरा आत होती. तेही कुठलंही परिणामकारक औषध नसताना. म्हणजे गावानं पाहिलेले सहा महिने हे दहा-बारा वर्षांच्या प्रवासाचं शेवटचं टोक होतं. आधीच्या वर्षांचा पत्ता कुणालाच नव्हता, कारण लागण झाल्याची तारीख कुणालाच माहीत नव्हती.

आणि एकदा एड्सची अवस्था आली, की मग? त्याचं उत्तर न्यूयॉर्कमधून मिळालं. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग खात्याच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली होती. छापून येईपर्यंत त्यांतले दोघं मरण पावले होते. पुढे १९८६च्या आधी न्यूयॉर्क शहरात निदान झालेल्या ५,८३३ रुग्णांचा मागोवा घेऊन १९८७ मध्ये एक अहवाल आला. निदानानंतर वर्षभरात निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण दगावले होते. पण पाच वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास निघालं. हा दुसरा आकडा त्या काळी फारसा कुणी उच्चारला नाही. शंभरातली पंधरा माणसं, सगळं जग त्यांना मेल्यात जमा धरत असताना, पाच वर्षं तग धरून होती. कुठला आजार आधी झाला, वय काय, घरची परिस्थिती काय, यावर कोण तगतं हे बदलत होतं. जगण्यातला हा फरक नशिबावर सोडून देण्यासारखा नव्हता. त्याला कारणं होती आणि कारणं असली की उपायही असतात.

शरीराचा वाटा त्यात होताच. काही थोड्या लोकांची शरीरं विषाणूला वर्षानुवर्षं दाबून ठेवतात. पेशींवरच्या विशिष्ट प्रथिनांच्या ठेवणीचा त्यात हात असतो, हे पुढे कळलं. १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट सापडली. विषाणू पेशीत शिरताना जे दार वापरतो, त्याची घडणच काही युरोपीय लोकांत जन्मतः सदोष असते आणि आई-बाप दोघांकडून हा दोष मिळालेल्यांना विषाणूचे बहुतेक प्रकार बाधतच नाहीत. भारतीयांत हा बदल जवळजवळ सापडत नाही. तेव्हा मराठवाड्यातल्या माणसाला तगायचं होतं ते इतर कशाच्या तरी बळावर.

भारतात एचआयव्हीचा पुरावा मिळाला १९८६ मध्ये, मद्रासला. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीनं जमवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतले सहा बाधित निघाले. त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या रुग्णाची नोंद झाली. अमेरिकेत हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला रक्त दिलं गेलं होतं. डॉ. ईश्वर गिलाडा यांनी जे. जे. रुग्णालयात एड्ससाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला तोही याच सुमारास. १९९२ मध्ये पुण्याला भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. संशोधन आणि तपासणी शहरांत होत होती आणि बीड त्या शहरांपासून फार लांब होतं. मुंबई चारशे किलोमीटरच्या घरात, बीड शहराला तेव्हा रेल्वे नव्हती. जिल्ह्याच्या हाताशी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय होतं ते अंबाजोगाईचं, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. बीडपासूनही ते ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, मग आष्टीच्या माणसाला तर नगर जवळ वाटायचं. तिकडे जायचं म्हणजे एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि परत आल्यावर ‘कुठं गेलता?’ या प्रश्नाला द्यायचं उत्तर, एवढ्या तीन गोष्टींची तजवीज लागे.

भीतीनं माणसं किती वेडीवाकडी वागतात याचा दाखला गोव्यात घडला. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणानं नेहमीप्रमाणे रक्तदान केलं, त्यात तो बाधित निघाला आणि त्या वेळच्या कायद्याच्या आधारानं पोलिसांनी त्याला उचलून क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं. तो आजारी नव्हता. त्याची आई न्यायालयात गेली, लोक रस्त्यावर उतरले. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला, पण जाण्याआधी बाधितांसाठी संस्था उभी करण्याच्या कामाला त्यानं हात घातला. बीडच्या खेड्यात कुणी पोलीस पाठवले नाहीत. तिथं ताट-वाटी वेगळी झाली, गोठ्याच्या कडेला खाट गेली, न्हाव्यानं हात लावायचा सोडला. ज्याला हे सगळं दिसत होतं, तो स्वतःचं रक्त तपासून घ्यायला कशाला जाईल? मग तो तेव्हाच जायचा, जेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नसायचं. उशिरा निदान, म्हणून लवकर मरण. लवकर मरण, म्हणून भीती. आणि भीतीमुळे पुढच्या माणसाचं निदान आणखी उशिरा. हे चक्र मराठवाड्यात किमान पंधरा वर्षं फिरत राहिलं.

आता त्या शेवटच्या टप्प्यात माणूस नेमका कशानं जायचा ते पाहू, कारण मला या विषयात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट इथं आहे. एचआयव्ही स्वतः क्वचितच थेट मारतो. मारतात ते संधी साधणारे आजार. अमेरिकेत त्यांत पुढे होता न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, आपल्याकडे क्षय. क्षयाचे जंतू आपल्यातल्या कितीतरी लोकांच्या छातीत झोपलेले असतात. एरवी ते जागे होण्याची शक्यता सगळ्या आयुष्यात मिळून पाच ते दहा टक्के. एचआयव्ही असला की जवळजवळ तेवढीच शक्यता दर वर्षाला. पण क्षय बरा होतो. एचआयव्ही असलेल्या माणसाचाही होतो, आणि त्याची औषधं तेव्हाही सरकारी दवाखान्यात फुकट होती. ‘याला एड्स आहे, आता क्षयाच्या गोळ्या देऊन काय उपयोग,’ असं म्हणून ज्यांना घरी पाठवलं गेलं, त्यांचा जीव वाचवण्यासारखा होता.

सेप्ट्रान या गोळीची कथा तर याहून बोलकी आहे. कोट्रायमोक्साझोल हे तिचं औषधी नाव. लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी हीच गोळी नव्वदच्या दशकात आरोग्य सेविकांच्या हातात दिली गेली होती; किंमत पैशांत मोजावी इतकी स्वस्त. न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया ही गोळी रोखते, हे एड्सच्या आधीपासून, रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवरून डॉक्टरांना ठाऊक होतं. न्यूयॉर्कमध्ये मायकेल कॅलन नावाचा गायक होता, १९८२ मध्ये त्याला एड्सचं निदान झालेलं. त्याचे डॉक्टर जोसेफ सोनाबेंड आपल्या रुग्णांना ही गोळी आधीपासूनच देत. १९८७ मध्ये कॅलन अमेरिकी सरकारच्या अधिकाऱ्यांना भेटून विनवून आला, की सगळ्या डॉक्टरांना ही गोळी द्यायला सांगा. तशा सूचना निघाल्या १९८९ मध्ये. मधल्या दोन वर्षांत हजारो माणसं त्याच न्यूमोनियानं गेली. कॅलननं जगणाऱ्या रुग्णांना शोधून, त्यांच्याशी बोलून पुस्तक लिहिलं आणि तो स्वतः निदानानंतर अकरा वर्षं जगला.

पुढे झांबियात एचआयव्हीबाधित मुलांना ही गोळी रोज देऊन पाहिली. २००४ मध्ये निष्कर्ष आला: मृत्यू ४३ टक्क्यांनी घटले. विषाणूवरचं एकही औषध न देता, एका साध्या गोळीनं. ती गोळी मराठवाड्यातल्या आरोग्य केंद्रांच्या औषधांच्या यादीत होती आणि त्याच केंद्रांच्या हद्दीत माणसं खोकून खोकून मरत होती. दोन्हींची गाठ घालून देणारं ज्ञान मधल्या वाटेवर कुठंतरी अडकून पडलं होतं. महाग औषध नव्हतं म्हणून माणसं गेली, हे अर्धंच खरं आहे. स्वस्त औषध द्यायचं राहून गेलं, हे उरलेलं अर्धं.

तरीही काहीजण तगले, आणि ते कोण हे गावानंही पाहिलं, पण त्याचा अर्थ मात्र उलटा लावला. नवरा जायचा आणि बायको राहायची. सासू म्हणायची, हिनंच माझ्या पोराला खाल्लं. हिला रोग असून ही कशी धडधाकट? कारण सरळ होतं. बहुतेक घरांत नवऱ्याला लागण आधी झालेली असे, वय त्याचं जास्त असे आणि निदान होताना तो शेवटच्या टप्प्यावर असे. बायकोला लागण त्याच्याकडून, पुष्कळदा काही वर्षांनी, विशी-बाविशीत झालेली असे आणि तिचं रक्त तपासलं जाई ते नवऱ्याचा रिपोर्ट आल्यावर. म्हणजे तिचं निदान लवकर झालं. एकाच घरात, एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन माणसांत निदानाच्या वेळेनं किती फरक पडतो, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे शोधायला नको. ‘निदानानंतर सहा महिने’ हा समज या बायकांनी स्वतःच्या देहानं खोटा ठरवला.

त्यांची संख्याही थोडीथोडकी नव्हती. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, देहविक्रीशी काही संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांची तपासणी केली, त्यांतल्या १३.६ टक्के बाधित निघाल्या. बहुतेकींचा दोष एवढाच, की त्यांचं लग्न झालेलं होतं. १९९७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ‘एड्स वाईट चालीच्या लोकांना होतो’ असं भिंतींवरून आणि भाषणांतून सांगितलं जात होतं त्याच काळातली ही गोष्ट. ज्या बाईनं कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही तिला हे वाक्य ऐकून काय वाटलं असेल, हे मला आजही सुन्न करतं.

या विधवांच्या तगण्याला दुसऱ्या कुणी आधार दिला असेल तर तो बहुधा आईनं. सासरच्यांनी जमिनीच्या तुकड्यासकट घर बंद केल्यावर माहेरी परतलेली मुलगी, तिला दोन वेळा ताजं जेवण, उकळलेलं पाणी, आजारपणात पाठीशी उभी राहणारी आई. पोट भरलेलं असणं, जुलाब लवकर आटोक्यात येणं, क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स मधेच न सुटणं; पेशी उतरत असतानाही या गोष्टींनी महिने मिळतात, कधी वर्षंही मिळतात. ही शुश्रूषा कुठल्याही अहवालात मोजलेली नाही. भाऊ-भावजयीनं दार लावलं तिथं ती मिळाली नाही आणि तिथं बाई लवकर गेली.

महिने मिळवायचे ते कशासाठी? औषध येईपर्यंत. हे कुणी तेव्हा असं म्हणत नव्हतं, पण मागं वळून पाहिलं की त्या सगळ्या धडपडीचा अर्थ एवढाच दिसतो.

पहिलं औषध, एझेडटी, अमेरिकेत मार्च १९८७ मध्ये मंजूर झालं. एकट्यानं ते फार काळ टिकत नसे, कारण विषाणू रूप बदलून त्याला चुकवायचा. १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र देण्याचे निकाल मांडले गेले: एकाच वेळी तीन वाटा अडवल्या तर विषाणूला तिन्ही चुकवणं जमत नाही. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला जायला लागली. खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी अशीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी जाहीर केली आणि जगातल्या मोठ्या औषध कंपन्यांचे दर धडाधड कोसळले. आपल्या राज्यातल्या कंपनीनं आफ्रिकेतल्या लाखो लोकांना जगवलं, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सोळा हजारांच्या आसपास रुपये. दर महिन्याला तेराशे-साडेतेराशे, तेही आयुष्यभर. उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ते परवडणं शक्य नव्हतं. काहींनी बैल विकून, दागिने मोडून दोन-तीन महिने गोळ्या घेतल्या आणि पैसे संपल्यावर बंद केल्या.

१ एप्रिल २००४ला केंद्र सरकारनं देशातल्या मोजक्या रुग्णालयांत ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईत ती जे. जे.मध्ये मिळू लागली. पुढे केंद्रं वाढत गेली, अंबाजोगाईच्या महाविद्यालयात आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात ही औषधं देणारं एआरटी केंद्र आलं. १९९६ आणि बीडमधली पहिली फुकट गोळी यांच्यामध्ये दहाएक वर्षांचा काळ गेला. शास्त्राला उत्तर सापडलेलं होतं अशा आजारानं या वर्षांत जिल्ह्यातली माणसं जात राहिली.

आणि औषध आल्यावरही सुरुवात कठीण गेली. पेशी २००च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या सुरू करायच्या नाहीत असा तेव्हा नियम होता, त्यात माणसं येत ती पन्नास-साठवर. उपचारातले बरेच मृत्यू पहिल्या काही महिन्यांतच होत. त्यामागे एक विचित्र कारणही होतं. गोळ्यांनी संरक्षण यंत्रणा जागी झाली, की छातीत दडलेल्या क्षयावर ती एकदम तुटून पडते आणि ताप, सूज, धाप वाढते. घरच्यांना दिसायचं एवढंच, की गोळ्या सुरू केल्या आणि माणूस गेला. ‘त्या गोळ्या उष्ण पडतात’ ही समजूत इथून आली. स्टॅव्ह्युडिन नावाच्या औषधानं वर्ष-दोन वर्षांत गाल आत जायचे, पायांची आग व्हायची; जीव वाचायचा, पण चेहरा गावाला सांगून टाकायचा. निव्हिरापिननं अंगावर पुरळ, एझेडटीनं रक्त कमी. २०१२च्या सुमारास स्टॅव्ह्युडिन हटवलं गेलं, तोवर पुष्कळांनी ते चेहऱ्यावर वागवलं.

बीडची स्वतःची अडचण वेगळीच होती. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातले लाखो लोक ऊसतोडीला बाहेर पडतात: सांगली, कोल्हापूर, सातारा, नगर, पार कर्नाटकात. पाच-सहा महिने मुक्काम फडाजवळच्या कोपीत. गोळ्या महिन्याच्या महिन्याला केंद्रावर येऊन घ्यायच्या, असा तेव्हा शिरस्ता. टोळी सोडून एकटा माणूस बेळगावहून बीडला कसा येणार? खाडा झाला तर त्याचा दंड, आणि मुकादमाला कारण काय सांगायचं? मग गोळ्या सुटायच्या. इथं शरीरात काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. तिन्ही औषधं एकदम थांबवली, तरी ती रक्तातून सारख्या वेगानं जात नाहीत. बाकीची दोन लवकर ओसरतात, निव्हिरापिन मात्र कित्येक दिवस रेंगाळतं. त्या दिवसांत विषाणूसमोर एकटं निव्हिरापिन असतं आणि एकट्या औषधाला चुकवायला तो आधीच शिकलेला आहे. हंगाम संपवून परतलेल्या माणसाला तीच गोळी पुन्हा दिली, तरी ती लागू पडेलच याची खात्री उरत नाही. समुपदेशक गोळी चुकवू नका म्हणून कळकळीनं सांगत, आणि रुग्णही मान डोलावत. पण कॅलेंडर कारखान्याच्या हातात होतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर नाव वर्ग करून देण्याची, आणि पुढे स्थिर रुग्णांना एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय झाली, तेव्हा कुठं या माणसांना दोन्ही सांभाळणं जमू लागलं.

आता मुलं. आईकडून लागण झालेल्या बाळांचं उपचाराविना काय होतं याचा आफ्रिकेतला हिशेब भयंकर आहे: दुसऱ्या वाढदिवसाआधी निम्मी जातात. आपल्याकडे मोफत बालउपचाराचा कार्यक्रम सुरू झाला २००६च्या नोव्हेंबरअखेर. त्याआधी मोठ्यांच्या गोळ्या मोडून अंदाजानं दिल्या जात. तेव्हा ज्या मुलांना सात-आठ वर्षांचं होऊन, आई-बाप दोघंही गेल्यावर कुणाच्या तरी दारात सोडलं गेलं, ती आधीच एका मोठ्या चाळणीतून जगून निघालेली मुलं होती. वयाच्या मानानं खुजी, कानातून पू वाहणारी, अंगभर खरूज.

बीडजवळ पाली इथं, बिंदुसरा धरणाच्या परिसरात, दत्ता आणि संध्या बारगजे यांनी अशा मुलांसाठी ‘इन्फंट इंडिया’चं घर उभं केलं. दत्ता बारगजे आरोग्य खात्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. भामरागडकडच्या नोकरीत त्यांनी आमटे कुटुंबाचं काम जवळून पाहिलं होतं आणि पालीच्या जागेला त्यांनी नावही ‘आनंदवन’ दिलं. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांचं ‘सेवालय’, पंढरपूरला मंगलताई शहा यांचं ‘पालवी’, पुण्यात विजयाताई लवाटे यांनी सुरू केलेलं ‘मानव्य’, नगरला डॉ. गिरीश कुलकर्णींचं ‘स्नेहालय’: या माणसांनी ज्या वेळी मुलं उचलून घेतली, त्या वेळी लोक त्या मुलांच्या जवळून जायलाही कचरत होते. हासेगावला २००९ मध्ये ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला लागली, तेव्हा गावकऱ्यांनी आपली मुलं घरी ठेवली. या घरांत झालेलं काम साधं वाटतं: सकाळी आठला आणि रात्री आठला गोळी, दूध, अंडं, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर. अनाथ मुलाला औषध मोफत असून चालत नाही; घड्याळ पाहून त्याच्या तळहातावर गोळी ठेवणारं माणूस लागतं. सरकारच्या औषधाला या संस्थांनी ते माणूस पुरवलं आणि म्हणून मुलं वाढली.

ती आता पंचविशी-तिशीत आहेत. त्यांतल्या कित्येकांची लग्नं झाली आहेत, पालीच्या अंगणातही मांडव पडले आहेत. २०११ मध्ये जगभरातल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला, पुण्याची एड्स संशोधन संस्थाही तीत सहभागी होती: वेळेवर उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. गर्भवती आईला नियमित औषध मिळालं, तर बाळ बाधित होण्याची शक्यता फार थोडी उरते. ज्यांच्या जन्माच्या वेळी हे काहीच नव्हतं त्यांच्या पोटी आज निरोगी बाळं जन्मत आहेत.

२०१७ पासून पेशी मोजत थांबायचा नियम गेला. निदान झालं की लगेच गोळ्या. त्याच वर्षी बाधितांच्या हक्कांचा कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे; नोकरी, शाळा, दवाखाना यांत भेदभाव करायला आता कायद्यानं मनाई आहे. तरुणपणी निदान होऊन लगेच औषध सुरू केलेला माणूस आज जवळजवळ इतरांइतकं जगू शकतो. पण पेशी शंभरच्या खाली गेल्यावर, क्षय छातीभर पसरल्यावर पहिल्यांदा केंद्राच्या दारात येणारी माणसं अजूनही आहेत. त्यांच्या बाबतीत पारावरचा जुना हिशेब अजूनही खरा ठरू शकतो. केंद्रावर अशा रुग्णाची आज पहिल्याच भेटीत क्षयासाठी तपासणी होते, आणि एआरटीच्या गोळ्यांबरोबर त्याच्या हातात आणखी एक पाकीट दिलं जातं, कोट्रायमोक्साझोलचं.